बोंड्याचं आवतन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, बोंड्याने गवताकडे पाठ फिरवली, आणि वामनरावांच्या घरातली तीन माणसे एकमेकांकडे न पाहता अस्वस्थ झाली.

बोंड्या हा खुशीचा ससा. वेचणीला आलेल्या कापसाच्या बोंडासारखा पांढरा आणि गोल. आईबरोबर पोळ्यासाठी दिग्रसला मामाकडे जाताना खुशीने आजोबांकडून वचन घेतले होते: बोंड्याला गवत आणि पाणी, दुसरे काहीही नाही. बाभुळगावात छत्तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या वामनरावांनी या नियमाची आधी चिकित्सा केली आणि मग तो मान्य केला. कारण वाद न घालता मान्य केलेली गोष्ट त्यांच्या लेखी मान्य झालेलीच नसे. आज चारच्या बसने ती परतणार होती आणि पाच वाजता, इतर मुलांच्या लाकडी बैलांच्या रांगेत, झूल घातलेला बोंड्या घेऊन उभी राहणार होती. झूल विमलताईंनी शिवून ठेवली होती. ती आता बोंड्याच्या पोटावरून पुढे सरकत नव्हती.

"काल तं बराबर बसली होती व," विमलताई म्हणाल्या.

"मंग एका रात्रीत कापड आटलं काय?" वामनराव म्हणाले.

कापड आटले नव्हते. बोंड्या पाठीची कमान करून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसला होता. पोट मृदंगासारखे ताठ झाले होते, आणि एरवी सकाळी पिंजऱ्यात ओंजळभर सापडणारी लेंडी आज औषधालाही नव्हती.

"काय खाल्लं यानं?" त्यांचा मुलगा अमर याने विचारले.

"गवत," विमलताई म्हणाल्या.

"गवतच," वामनराव म्हणाले.

"मीबी गवतच खाताना पाह्यला," अमरने स्वतःच्याच प्रश्नाला उत्तर दिले.

त्या घरात तिघांचे एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. वामनरावांना तेवढ्यावरून तरी संशय यायला हवा होता.

इतक्यात शेजारचे किसनसिंग आले. बैलांच्या दुखण्यात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी बोंड्याच्या पोटावर टिचकी मारली आणि कान देऊन ऐकले.

"पोटफुगी हाय, मास्तर. बैलाले मी पावशेर गोडं तेल पाजतो."

"बैलाचं वजन किती?"

"साडेचार क्विंटल धरा."

"याचं दीड किलो. म्हणजे तीनशेवा भाग. पावशेराचा तीनशेवा भाग तुम्ही मोजणार कशानं?"

"कायले मोजता? अंदाज असते."

"अंदाज म्हणजे अज्ञान, किसनसिंग."

किसनसिंगांनी घरून बैलाला औषध पाजायची बांबूची नळी आणली. ती इतकी रुंद होती की तिच्यातून बोंड्यात तेल जाण्यापेक्षा बोंड्याच तिच्यात जाण्याचा संभव अधिक. उभय पक्षांनी हा मुद्दाही सविस्तर चर्चिला. तोवर विमलताईंनी, कोणाचेही मत न घेता, दवाखान्यात फोन केला होता.

जनावरांच्या डॉक्टर दीपा या वामनरावांच्या एके काळच्या विद्यार्थिनी. त्यांनी नळी टाचेने मागे सारली, बोंड्याच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकले.

"आतडं थांबलंय, सर, आणि गॅस धरलाय. सशाला ओकता येत नाही. जे आत गेलं त्याला पुढंच सरकावं लागतं. नाही सरकलं, तर संध्याकाळ काढेल असं मी सांगत नाही. म्हणून खरं सांगा, काय खाल्लं?"

"गवत," चौघे म्हणाले.

डॉक्टरांनी चौघांकडे क्रमाने पाहिले. "मी गोठ्यात हात धुवायले जाते. कोणाले काही आठवलं, तर तिथं या."

पहिल्या विमलताई आल्या. "बाई, परवा सांजच्याले पोळ्याचं आवतन द्यायले गोठ्यात गेलती मी. बैल अमरनं उन्हाळ्यातच विकले, पण तोंडाले सवय. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणून गेली, आन् पाह्यलं तं समोर बोंड्या. आता जेवाले बलावलेल्या पाव्हण्याले गवत वाढू काय? काल चतकोर पुरणपोळी देल्ली. तूप जराकसंच होतं."

मग अमर आला. "मॅडम, पोळ्याच्या दिवशी गोठा रिकामा पाहवत नव्हता. ट्रॅक्टरच्या टायरापाशी पोळी ठेवली. तासभर बसलो. थो काय खाते? मंग थेच बोंड्याले देल्ली. चतकोरच."

किसनसिंग म्हणाले, "माझी जोडी यांच्या दारी जेवून गेली. घरचं एकुलतं एक जनावर जाळीतून टुकूटुकू पाहून राह्यलं होतं. आपल्याच्यानं राहवलं नाही."

वामनराव सर्वांत शेवटी आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. "दीपा, मी वचन मोडलेलं नाही. गहू ही गवताच्या कुळातली वनस्पती. ऊसही त्याच कुळातला. म्हणजे गुळासकट पोळी हे तत्त्वतः गवतच आहे."

"आणि पुरणातली हरभऱ्याची डाळ, सर?"

वामनरावांनी मागे बांधलेले हात सोडले. "ती द्विदल," ते हळूच म्हणाले.

"तुम्हीच शिकवलं होतं. नववीत."

चार चतकोरांची अख्खी पोळी झाली होती. माणसाच्या वजनाच्या मानाने पाहता बोंड्याने एका दिवसात चाळीस पोळ्या खाल्ल्या होत्या.

डॉक्टरांनी बाहेर येऊन कोणाचेही नाव घेतले नाही. सुई दिली, पिचकारीने थेंब थेंब औषध पाजले आणि पुढचे काम वाटून दिले: पोट हलक्या हाताने चोळायचे, अधूनमधून चालवायचे, आणि लेंडीची वाट पाहायची. त्या दुपारी चार प्रौढ माणसे एका सशाच्या पाठीमागे नजर लावून बसली. बैलाचे खांदे शेकून राकट झालेली किसनसिंगांची बोटे इतकी हळुवार चालत होती की विमलताईंनी त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला. तीन वाजता पोटात गुडगुडले. सव्वाचारला मिरीएवढी एक लेंडी पडली. वामनरावांनी ती कागदावर घेतली, चष्मा लावून उजेडात पाहिली आणि म्हणाले, "आहे." विमलताईंनी हात जोडले. लागोपाठ आणखी दोन पडल्या, आणि बोंड्याने गवताची एक काडी तोंडात धरली.

त्याच वेळी खुशी दारात उभी राहिली.

"काय झालं याले?"

"मी वचन मोडलं," वामनराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच कोणत्याही पुरवणी युक्तिवादाशिवाय उच्चारले. "पुरणपोळी दिली."

"तुमीबी?" विमलताई म्हणाल्या.

"तू कायले 'बी' म्हणते, आई?" अमर म्हणाला, आणि स्वतःच थांबला. किसनसिंग आपली नळी शोधू लागले.

खुशी रागावेल, रडेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. तिने मात्र हातातला डबा पाठीमागे नेला.

"त्यात काय आहे, बेटा?" डॉक्टरांनी विचारले.

"मामीनं देल्ली. पोळीच हाय, पण एकच. मी एवढे दिवस नव्हती ना, म्हणून बोंड्यासाठी." तिने आशेने आजोबांकडे पाहिले. "आन् गहू म्हणजे गवतच असते. आजोबा, तुमीच सांगितलं होतं."

"डाळ गवत नसते," वामनराव म्हणाले आणि त्यांनी डबा जप्त केला.

बोंड्याला मिरवणुकीत न्यायला डॉक्टरांनी मनाई केली. म्हणून मुलांनीच पाच वाजता लाकडी बैल घेऊन वामनरावांच्या अंगणातून फेरी काढली, आणि बोंड्याने गवत चघळत ती मानवंदना स्वीकारली. झूल त्याच्या अंगावर नुसती पसरली होती; बंद बांधले नव्हते.

दिवे लागायच्या वेळी विमलताई बाहेर आल्या. डॉक्टरांच्या सांगण्यानुसार बोंड्याची शतपावली चालली होती. पुढे बोंड्या, आणि मागे, एक हात पोटावर ठेवून, जड पावलांनी वामनराव. ओट्यावर रिकामा डबा होता.

"काय खाल्लं?" विमलताईंनी विचारले.

"गवत," वामनराव म्हणाले.