चार गडांचे तीन पारखी

श्रीगजानन सर्वांची कार्ये निर्दोष करोत. शके एक हजार नऊशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी आमचे राज्यात जे वर्तले ते पदरचे काही न घालता, क्रमवार लिहितो. ऐकणारांनी सावध होऊन ऐकावे.

राज्य म्हणावे तर सात मजल्यांचे, चहूंकडून काचेचे, आणि तेथे संगणकाच्या प्रणाली घडवीत. राज्यात गड चार. औषधगड, तो इस्पितळांतील औषधांची मात्रा सांभाळी. दूधगड, तो डेअऱ्यांचे दूध मोजी. जलगड, तो नगरांच्या पाण्याची नोंद ठेवी. आणि परीक्षागड, तो विद्यापीठांचे निकाल लावी. प्रत्येक गडावर घडविणारे तीस-तीस असामी, परंतु घडविलेले तपासून त्यातील दोष हुडकणारे पारखी अवघ्या राज्यात तीन. पारख्याचा होकार आल्याविना गडाचा माल वेशीबाहेर जाऊ नये ऐसा दंडक होता, आणि मग पारख्यांवरून किल्लेदारांत जी ओढाताण होई ती काय वर्णावी! कोणी सकाळीच कॉफीच्या यंत्रापाशी दबा धरून पारख्यास अडवावे, कोणी पोहे खिलवून वश करावे, आणि औषधगडाचे किल्लेदार निरंजनराव दळवी यांनी तर तारामतीबाई लोखंडे या पारखीणबाईंची खुर्चीच कपाटाआड नेऊन ठेविली, की अन्य गडकऱ्यांच्या दृष्टीस त्या पडू नयेत. जलगडकर त्यांस बोलिले, "दळवीसाहेब, बाईंना कुलूप तेवढे घालायचे राहिले." तेव्हा दळवी हसले, परंतु खुर्ची हलविली नाही.

हे पाहून पारखखात्याचे मुख्य, सरपारखी पद्माकरपंत देवस्थळी, यांनी मसलत केली. पंत तंत्रनिकेतनात शिकलेले, शिस्तीचे पक्के. त्यांनी फर्माविले की यापुढे पारखी कोण्या एका गडाचा नव्हे, राज्याचा. प्रत्येक गडास एक धनी पारखी आणि एक जोड पारखी असावा. धन्याने आपल्या सर्व चाचण्या वहीत लिहाव्या, आणि दर पंधरवड्याच्या मंगळवारी जोडीने केवळ ती वही वाचून गड तपासावा. त्या वेळी धन्याने शेजारी बसावे, परंतु हात मांडीवर आणि तोंड बंद. जोडीस जेथे अडेल ती उणीव जोडीची नव्हे, वहीची धरावी आणि तेथेच दुरुस्त करावी.

तारामतीबाईंस हे रुचले नाही. पाच वर्षे त्यांनी औषधगड राखिला, आणि त्यांच्या हातून सुटलेला दोष इस्पितळात निघाला ऐसे एकदाही जाहले नव्हते. अवघे राज्य त्यांचे नाव आदराने घेई. परंतु दूधगडाचे पारखी इरफान मुजावर त्यांची जोड म्हणून येऊन बसले आणि वही उघडली, तो पानोपानी लिहिलेले, 'नेहमीप्रमाणे पाहावे.' इरफानने विचारिले, "बाई, नेहमीप्रमाणे म्हणजे कसे?" बाई नियमाने गप्प. मागून पंत बोलिले, "मोजा." मोजता 'नेहमीप्रमाणे' एक्केचाळीस ठिकाणी निघाले. बाईंचा चेहरा लाल जाहला. मंगळवार सरल्यावर त्या बोलिल्या, "पंत, ही विद्या बोटांत असते. ती कागदावर उतरत नाही." पंत बोलिले, "जेवढी उतरेल तेवढी उतरवा. उरलेली त्याची तो कमावील." मग बाईंनी चार मंगळवारांत एक्केचाळीसही ठिकाणे सविस्तर लिहून काढिली, आणि लिहिली ती ऐसी उत्तम की परक्यानेही वाचून चालावे.

मग मार्गशीर्षात औषधगडाने लहान मुलांच्या विभागासाठी नवी प्रणाली घडविली. मुलाचे वजन भरावे, औषध निवडावे, आणि मात्रा आपोआप पडद्यावर यावी, ऐसी तिची रचना. इस्पितळास माल देण्याचा मुहूर्त आठ दिवसांवर आला, बाईंनी एकवार सर्व तपासून निर्दोष म्हटले, शेवटची तपासणी तेवढी उरली, आणि रत्नागिरीहून फोन आला की लेकीचे दिवस भरण्याआधीच तिला इस्पितळात नेले. बाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. दळवी आर्जवे करू लागले, "बाई, आठच दिवस! तिकडे जावईबापू आहेत, डॉक्टर आहेत. इकडे कोण आहे?" बाई पंतांस बोलिल्या, "इरफान गुणी आहे, पण तो दुधातला. येथे लेकरांच्या जिवाशी गाठ आहे. एक दोष सुटला तर पाच वर्षांचे नाव गेले ते गेलेच, वर कोणाचे लेकरू." पंत बोलिले, "म्हणूनच वही लिहविली. आपण निघा. येथून फोन येणार नाही. आला तर निकड आहे ऐसे समजा." बाईंनी वही इरफानच्या हाती दिली, आणि त्या गाडीत बसेतो तीन वेळा मागे वळून पाहिले.

मग कुमकेची साखळी लागली. इरफान औषधगडी गेले. दूधगड त्यांच्या वहीवरून जलगडाचे पारखी जोसेफ डिमेलो यांनी आपल्या गडासह सांभाळिला. आणि इरफानच दूधगडासह पाहत असलेल्या परीक्षागडावर पंत स्वतः चष्मा पुसून बसले. एकाही गडाचे काम अर्धा दिवस तटले नाही, हे मुद्दाम नमूद करितो.

सहाव्या दिवशी दुपारी इरफान वही पाहून वजन भरीत होते. बारा किलोच्या मुलाचे बारा लिहावयाचे, ते घाईने एकवीस लिहिले. मात्रा आली, तीनशे पंधरा. चूक ध्यानी येताच त्यांनी एकवीस खोडून बारा केले, तो मात्रा तैसीच, तीनशे पंधरा; पाहिजे होती एकशे ऐंशी. इरफानने मुद्दाम पुन्हा चुकून, पुन्हा सुधारून पाहिले. दहा वेळांत दहाही वेळा तेच. वही चाळली, तर तेथे वजन एकदाच आणि बिनचूक भरलेले. बाईंचा हात कधी चुकत नसे, म्हणून चुकून सुधारणाऱ्या हाताच्या वाटेने कोणी गेलेच नव्हते.

दळवी धावत आले आणि उसळून बोलिले, "मुजावर, ही काय डेअरी आहे? कोणती नर्स वजन चुकीचे लिहून मग खोडील? दोन दिवसांवर मुहूर्त आहे!" इरफान बोलिले, "साहेब, डेअरीत हे दर सकाळी शंभर वेळा होते. ओतणारा घाईत, लिहिणारा घाईत. माणूस चुकतो आणि मग सुधारतो." दळवी बोलिले, "बाईंनी निर्दोष म्हटले आहे! तुम्ही त्यांच्याहून शहाणे?" बाईंहून शहाणे म्हणवून घेण्याची इरफानची छाती नव्हती. तेव्हा पंत बोलिले, "निकड आहे. बाईंसच विचारू," आणि सर्वांनी ऐकावे ऐसा फोन लाविला.

इरफानने चाचरत सर्व सांगितले. बाई बोलिल्या, "सकाळी नात झाली. मघाशी तिचे वजन केले. सिस्टरने तीन हजार दोनशे ग्रॅम लिहिले, मग 'अगंबाई!' म्हणाली आणि खोडून दोन हजार तीनशे केले. मी समोर उभी होते." मग दळवींस बोलिल्या, "दळवीसाहेब, माझ्या नातीचे औषध कोणत्या आकड्यावर काढायचे ते तुम्हीच सांगा."

दळवींनी स्वमुखे मुहूर्त तीन दिवस पुढे नेला, आणि इस्पितळास कारण न लपविता कळविले. घडविणारांनी दोष काढिला, इरफानने नाना प्रकारे चुकून-सुधारून पाहिले, आणि माल निर्दोष गेला. बाई एकविसाव्या दिवशी पेढे घेऊन परतल्या, वही उघडली, आणि वजनाच्या चाचणीखाली आपल्या रेखीव अक्षरांत नवी चाचणी लिहिली: 'वजन चुकीचे भरावे, मग सुधारावे, मात्रा बदलते की नाही ते पाहावे. शोधणारा, इरफान मुजावर.' इरफान संकोचून बोलिले, "बाई, माझे नाव कशाला? तो तर हात चुकला." बाई बोलिल्या, "चुकला तो हात. थांबून मात्रा पाहिलीस तो तू. चल, पेढा घे, आणि येत्या मंगळवारी तुझी दुधाची वही मी तपासणार आहे. तोंड बंद ठेवायचे, लक्षात आहे ना?"

एवं वर्तमान. पुढे दोन वर्षांत पारखी एकोणीस वेळा गैरहजर राहिले, कोणी आजारपणे, कोणी लग्नकार्यास, आणि चारही गडांचा एकही मुहूर्त त्यापायी अडला नाही. पारखी आजही तीनच आहेत. औषधगडातून सदोष माल अद्याप बाहेर गेलेला नाही, आणि तो गड कोणी राखिला ऐसे कोणी विचारिले तर तारामतीबाई तिघांची नावे सांगतात, आपले शेवटी. इति लेखनमर्यादा पाळून, साक्षीने लिहिले असे.