बिऱ्हाडाबरोबर गेलेली खोली

मुळीकांचं बिऱ्हाड कराडहून ओगलेवाडीला हललं, तेव्हा शामराव पिसाळांची दोन नंबरची खोलीही त्यांच्याबरोबर निघून गेली.

पिसाळांची इमारत चार बिऱ्हाडांची. दोन नंबरच्या जागी आता आरपार उजेड होता आणि तिच्या डोक्यावरचा चार नंबर होता तिथेच टिकून होता. तिथल्या बेडेकरबाई म्हणाल्या, "मला काही त्रास नाही. वारा छान येतो. फक्त खालचा केर कोणी काढायचा, तेवढं ठरवा."

पिसाळांना धास्ती वेगळीच होती. एक गेली, तिचं बघून उरलेल्या तिघी गेल्या, तर आपण मालक कशाचे, जिन्याचे? त्यांचा नियम साधा होता. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडेकरू बदलायचा, माणूस सोन्यासारखा असला तरी. जुना झाला की चिकटतो आणि चिकटला की कोर्टाची पायरी. हा नियम आपण कधी मोडला नाही, याचा त्यांना भलताच अभिमान होता.

"नुसतं डोक्याला हात लावून काय होणार?" त्यांच्या पत्नी वत्सलाकाकू म्हणाल्या. "सून रुसून माहेरी बसली तर काय करतात? चार शब्द गोड बोलून घेऊन येतात. जावा तुम्ही."

मग रीतीप्रमाणे पेढे घेतले, मध्यस्थीला शेजारचे तात्या जंगम घेतले आणि दोघं ओगलेवाडीला पोचले. मुळीकांच्या नव्या घराला लागून, पेरूच्या झाडाखाली खोली उभी होती. तब्येत सुधारलेली दिसत होती.

"झालं गेलं विसरा आणि चला आता," तात्यांनी सुरुवात केली.

"कुणासाठी?" खोली म्हणाली. "माणसं जरा ओळखीची व्हायला लागली, की हे चुन्याची बादली घेऊन हजर."

"नवी फरशी बसवतो. गिझर देतो," पिसाळ म्हणाले.

"फरशीला काय करू? तुम्ही कधी आत येऊन बसलात का?"

पिसाळांनी आठवून पाहिलं. दर एक तारखेला ते उंबऱ्यापर्यंतच जात. त्यांना खरोखरच लाज वाटली. मुळीकवहिनींनी सतरंजी अंथरली, तसे ते चपला काढून आत गेले. पोहे झाले, चहा झाला. आपल्याच खोलीत इतकं बरं वाटतं, हे त्यांना या वयात कळलं.

"मी काही येत नाही," खोली शेवटी म्हणाली.

पिसाळांना उठवेना. "मग मीच इथं राहिलो तर?"

खोलीने विचार केला. "आधार कार्डाची झेरॉक्स लागेल. आणि ओळखीचं कोणी तरी पाहिजे."

पिसाळांनी तात्यांकडे पाहिलं. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत होती.

"तसं आमचं जाणं-येणं बेताचंच," तात्या म्हणाले.

"मी ओळखते काकांना," कप उचलता उचलता मुळीकवहिनी म्हणाल्या.

खोलीने तेवढ्यावर होकार दिला. संध्याकाळच्या एसटीने तात्या एकटेच परतले आणि बोलणी कुठवर आली ते वत्सलाकाकूंना सांगून गेले. काकूंनी रात्रीचा भात आपल्यापुरताच टाकला.