पाच लाख दहा हजार पाचशे दहा

चिंचवडच्या कंपनी क्वार्टर्समध्ये आमचे शेजारी होते सोमण भाऊजी. कोणी नवीन भेटलं की नावाआधी ते आपला आवडता आकडा सांगत: पाच लाख दहा हजार पाचशे दहा.

दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा आणि सतरा या पहिल्या सात मूळ संख्या ओळीने गुणल्या की हा आकडा येतो. मुलांनो, तुम्ही पडताळून पाहाच. यातल्या कुठल्याही संख्येने भागा, बाकी शून्य.

"मोठ्या मनाचा आकडा आहे, वहिनी," भाऊजी म्हणत. "सतरा जण दारात आले तरी सगळ्यांना सारखं वाटतो. कोणी उरत नाही."

"आणि चौघं आले तर?"

"चौघांशी त्याचं पटत नाही. प्रत्येक घरात थोडं असतंच."

बसचं तिकीट, गॅसची टाकी, दिसेल तो नंबर ते भागून पाहत. माणसं मोजताना मात्र पहिलं बोट स्वतःच्या छातीवर. "एक मी." मग पुढचे. लग्न केलेलं नव्हतं. "घरी मोजणी तिथेच संपते," असं हसून सांगत.

आमच्याकडे सत्यनारायण होता. पंगती मांडायचं काम अर्थात भाऊजींचं, कारण सगळ्या पंगती सारख्या हव्यात. माझ्या सासूबाई मामंजी गेल्यापासून पंगतीला बसत नसत. सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात एकट्या जेवत. आम्ही सांगून थकलो होतो.

भाऊजींनी मांडवात माणसं मोजली आणि कपाळाला हात लावला. "एकेचाळीस! कशानेच भागत नाही."

"सोमणसायेब, भात गार व्हतोय की!" निघोज्याचे थोरवे ओरडले. "आकडं मागनं फोडा!"

भाऊजी तडक स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "मावशी, एक माणूस कमी पडतंय. तुम्ही आलात तर बेचाळीस. सात-सातच्या सहा पंगती."

"मला कशाला रे पंगतीत?"

"तुमच्यासाठी नाही हो, हिशेबासाठी. एवढी माणसं ताटकळलीत."

"काय मेलं तुझं गणित," म्हणत सासूबाई पदर सावरून बाहेर आल्या आणि शेवटच्या पंगतीत टेकल्या. आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले.

सगळे बसले. उभे राहिले फक्त भाऊजी, हातात वरणाचं भांडं घेऊन. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आज मोजताना त्यांचं बोट छातीवर गेलंच नव्हतं. त्यांना धरलं असतं तर बेचाळीस आधीच होते.

सासूबाईंच्याही ते लक्षात आलं असावं. "आणि तू रे?"

"मी बाकी, मावशी. एक उरली तर चालते."

"चालत नाही," म्हणून सासूबाई सरकल्या आणि शेजारची सतरंजी थोपटली. "बस इथे."

भाऊजींनी भांडं खाली ठेवलं आणि बसले. त्या पंगतीत आठ जण जेवले. आठाने त्यांचा आकडा भागत नाही. पण ते खाली मान घालून भात कालवत राहिले.