दार एक सूत कमी करण्याबाबत

संकटकाळात माणसाच्या अंगचे गुण बाहेर पडतात, हे सर्वमान्य आहे. ते परत आत घालायला नंतर मिस्त्री बोलवावा लागतो, याची मात्र कुठेच नीट नोंद झालेली नाही. ती व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

टाळेबंदीत लोकांनी घरोघर हातोडे का उचलले, यावर विद्वानांनी बरंच लिहिलं आहे. कोणी म्हणतं वेळ होता, कोणी म्हणतं कारागीर मिळत नव्हते, कोणी म्हणतं माणसाला निर्मितीचा आनंद हवा असतो. (हे शेवटचं म्हणणाऱ्यांच्या डोक्यावर कोणी राहत नसावं.) आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं. टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्यांत मिळून दोन ड्रिल मशिनं होती, ती उठली तेव्हा सतरा. भिंतींना एकंदर दोनशे चाळीस भोकं पडली. त्यांपैकी ज्यांवर काही टांगलं गेलं अशी एकतीस, टांगलेलं अजून वर आहे अशी नऊ, आणि थेट शेजाऱ्याकडे निघालेली दोन. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी मांजरासाठी लाकडी घर बांधलं. मांजर नव्हतं, ते नंतर आणलं. ते खोक्यात झोपतं. चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी खुर्ची केली. खुर्ची उत्तम आहे, फक्त तिच्यावर बसायचं नाही. त्यांच्या शेजारीणबाईंनी स्वयंपाकघर रंगवलं आणि उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून फ्रिजही रंगवला.

आता माझी पात्रता. मी वजन-मापं तपासणाऱ्या कार्यालयात बावीस वर्षं नोकरी करतो. दुकानदाराची मोजपट्टी केसभर जरी आखूड निघाली तरी ती जप्त करण्याचा मला अधिकार आहे. टाळेबंदी लागताच कार्यालयाचं पत्र आलं: 'आपली सेवा अत्यावश्यक नसल्याने पुढील आदेशापर्यंत घरी थांबावे.' पत्र मी तीनदा वाचलं. 'पुढील आदेशापर्यंत घरी थांबावे' एवढंही पुरलं असतं. कारण न देता पत्र कसं लिहायचं, हे कार्यालयात मीच शिकवतो.

बायकोची सेवा मात्र अत्यावश्यक निघाली. ती औषधांच्या गोदामात गाड्यांची आखणी करते; कुठली गाडी कुठे जाणार, कुठे अडकली, कुठून वळवायची, हे सगळं तिच्याकडे. ते आता घरून करायचं ठरलं. आमच्या घरात दार लागणारी खोली एकच (न्हाणीघर धरलं तर दोन), ती तिला मिळाली. बाहेरच्या खोलीत मुलगी कानात इअरफोन खुपसून कॉलेज करायची, आणि मी बसायचो. दाराआडून आवाज यायचा, "सहा नंबर, पुलावरून नका जाऊ, मागे फिरा." आणि सहा नंबर मागे फिरायचा. या घरातलं बोलणं इतक्या मुकाट्याने ऐकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मधूनच ती मोठ्याने हसायची. ते हसणं घरच्या वापरातलं नव्हतं. मला सहा नंबरचा राग येऊ लागला होता, हे इथे कबूल करून टाकतो.

पंधराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ते दार जमिनीला घासतं.

"दार मी दुरुस्त करतो," मी जाहीर केलं.

"अहो, चालतंय ते. राहू द्या."

"घासतंय."

"चार वर्षं घासतंय. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता माझी मुलाखत आहे, विभागप्रमुखपदाची. व्हिडिओवर. मला त्या वेळी दार लावून बसायचंय. बाकी काही नको, फक्त त्याला हात लावू नका."

"नऊ दिवस आहेत. तोवर चारदा होईल."

"बाबा बल्ब बदलतानासुद्धा व्हिडिओ बघतात," मुलगी म्हणाली. कानात काहीही खुपसलं तरी तिला नको तेवढं नेमकं ऐकू येतं.

तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय मी कामाला हात घालत नाही. आमच्या इमारतीची सगळी सुतारकामं करणारे मिस्त्रीही घरातच अडकले होते. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"बघितल्याशिवाय काय सांगणार साहेब. पण घासतंय म्हणता ना? मग खालून एक सूत घ्या. बास."

"कुठलं सूत?"

"सूत हो! सूत म्हणजे सूत." आणि फोन तुटला.

मान्यताप्राप्त मापांच्या आमच्या यादीत सूत नाही. मी परिशिष्टंही पाहिली. परत फोन लावता आला असता, पण मापं तपासणाऱ्या माणसाने सुताराला माप विचारायचं म्हणजे बावीस वर्षांच्या नोकरीवर बोळा फिरवण्यासारखं. तेव्हा मी तर्काने गेलो. सूत म्हणजे दोरा. एक सूत घ्या म्हणजे दोऱ्याच्या जाडीएवढं लाकूड घ्या. बायकोच्या शिवणाच्या डब्यातून पांढरं रीळ काढलं. (इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे आता मला माहीत आहे. मुलीला तेव्हाच माहीत होतं. तिला कोणी विचारलं नाही.)

दातांच्या डॉक्टरांनी रंधा बादलीत घालून दोरीने खाली सोडला. मी दार उतरवलं, खालच्या कडेवर दोरा ताणला, दोऱ्याएवढं तासलं, दार पुन्हा चढवलं. घासलं. परत उतरवलं, परत एक दोरा घेतला, परत चढवलं. जास्तच घासलं. जितकं तासावं तितकं दार खाली येत होतं. लाकूड वाढतं की काय, असा मला संशय आला. चौथ्या दिवशी दोरा बारीक पडतोय हे ओळखून मी सुतळीवर गेलो, सहाव्या दिवशी कपडे वाळत घालायच्या दोरीवर. आठव्या दिवशी, म्हणजे बुधवारी, दाराखालून चार बोटं उजेड यायला लागला. त्याच सुमारास रोजच्या काढघालीला कंटाळून बिजागऱ्यांचे स्क्रू चौकटीचा भुगा घेऊन बाहेर आले. त्यानंतर दाराचं आणि चौकटीचं सूत जुळलं नाही.

पण खरं सांगायचं तर ते आठ दिवस फार सुखात गेले. सकाळी डोळे उघडले की मला काम असायचं. मुलगी मैत्रिणीला फोनवर म्हणाली, "हळू बोल, बाबा कामात आहेत." बायको दिवसातून चारदा बाहेर येऊन विचारायची, "झालं का?" गेल्या कित्येक वर्षांत तिने मला इतक्या नियमाने काही विचारलं नव्हतं. दार झालं असतं तर ती विचारायची थांबली असती. विद्वानांच्या लिखाणात हे कारण कुठे सापडत नाही. त्यांना बहुधा घरात कोणीतरी काहीतरी विचारत असावं.

गुरुवारी अकराला दहा कमी असताना ती इस्त्रीचे कपडे घालून आली. दार भिंतीला टेकून उभं होतं. मला वाटलं आता ही बोलेल. नऊ दिवसांचं साठलेलं बोलेल, आणि तिचा हक्कच होता. तिचे डोळे भरून आले होते. बारा वर्षं ती त्या गोदामात राबली होती, आणि मी तिच्या मुलाखतीचं दार रंध्याने खाल्लं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

ती एवढंच म्हणाली, "धरा."

मी बाहेरून दार चौकटीत उभं केलं आणि दोन्ही हातांनी धरलं. खालच्या फटीत मुलीने टॉवेल कोंबला. मुलाखत सत्तेचाळीस मिनिटं चालली.

"बाबा, दार हलतंय," मुलगी कुजबुजली.

"मी हललो नाही."

"श्वास घेताय ना."

मी श्वास आटोपता घेतला. आतलं सगळं ऐकू येत होतं. पाऊस, संप, बंद रस्ते, बर्फात ठेवायची इंजेक्शनं, आणि ती न अडखळता उत्तरं देत होती. माझ्या बायकोला एवढं सगळं येतं, हे मला दाराच्या पाठीमागून कळलं. मग कोणीतरी विचारलं, "घरून एवढी जबाबदारी सांभाळायची म्हणजे अडचण होत असेल ना?"

"अडचण आहे," ती म्हणाली. "पण सध्या ती दार धरून उभी आहे."

आतले सगळे हसले. मग तीही हसली, तेच मोठ्याने. दाराच्या अलीकडे मीही हसलो, त्यामुळे दार बोटभर सरकलं आणि मुलाखत मंडळाला म्हणे माझा कान दिसला.

ती विभागप्रमुख झाली. मुलीच्या मते त्यात माझ्या कानाचा वाटा आहे. निर्बंध उठल्यावर मिस्त्री आले. चौकट बघितली, दाराचं उरलेलं लाकूड बघितलं, जमिनीवरून हात फिरवला.

"साहेब, हे घासत नव्हतं. लोंबत होतं. वरच्या बिजागरीचा एक स्क्रू ढिला होता. दोन पिळे दिले असते की झालं होतं."

"तुम्ही सूत घ्या म्हणालात."

"तुम्ही घासतंय म्हणालात."

दोन्ही विधानं बिनचूक असल्याने चर्चा तिथेच संपली. नव्या दाराला कडी बसवताना मी त्यांना विचारलं, एवढे दिवस घरी बसून काय केलंत?

"स्वेटर विणला," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही?"

"एक बाही झाली. तीनदा उसवली. पण तेवढे दिवस बायको शेजारी बसायची ना, शिव्या घालत."

हा अहवाल मी इथे संपवतो. तुम्ही तो हसत हसत वाचला असेल, त्याला हरकत नाही. पण एवढं सगळं वाचायला साधारण सात मिनिटं लागतात, आणि या सात मिनिटांत तुम्हाला कोणी हाक मारली नाही. त्याची दोनच कारणं असू शकतात. एक, पलीकडे कोणीतरी तुमच्यासाठी दार धरून उभं आहे. असं असेल तर उठा, त्याचे हात भरून आले असतील. दुसरं म्हणजे, तुम्हाला हाक मारायचं त्या घरात कोणाला काही कारण उरलेलं नाही. तसं असेल तर हत्यारं माझ्याकडे पडून आहेत. येऊन घेऊन जा.