तात्यांचा नॉर्वेचा प्रचार

आमच्या शेजारच्या तात्यांना जगात कुठेही निवडणूकच दिसते. कुणाचं लग्न ठरलं की विचारणार, "बिनविरोध का?" केजजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेच्या निवडणुकीला ते दर खेपेला उभे राहतात आणि दर खेपेला सपाटून पडतात. उत्साह मात्र निवडून आलेल्याला लाजवेल असा.

वैशाली ही त्यांची पुतणी. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून घरात एकटेच असलेल्या तात्यांनी तिला लहानपणापासून आपल्याकडे ठेवून घेतलं. एम.एस्सी. झाल्यावर तिने नॉर्वेतल्या एका विद्यापीठाची जाहिरात शोधून काढली. मातीत पाणी कसं टिकतं, यावर पीएचडी. फी नाही, उलट दरमहा पगार!

"पगार देऊन शिकवत्यात? मग लई चुरस असंल!" तात्या लगेच कामाला लागले. "आधी मतदार कोण ते सांग."

"तात्या, प्राध्यापकांची समिती निवड करती. आपण काय संशोधन करणार ते लिहून धाडायचं, आन् आपल्याला वळखणाऱ्या दोन प्राध्यापकांची नावं द्यायची."

तात्यांनी त्यातलं 'वळखणाऱ्या' एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी एक कागद फडकावत आले. "चेअरमनकडं गेलतो!" ज्या माणसाने त्यांना दर वेळी पाडलं, ज्याच्या दारावरून जाताना ते मान फिरवायचे, त्याच्यापुढे हात जोडून त्यांनी शिफारसपत्र आणलं होतं. 'सदर उमेदवार सर्व थरांत लोकप्रिय आहे.' वैशाली हसून हसून बेजार झाली. पत्र काही नॉर्वेला गेलं नाही, पण तात्यांना हे सांगायची आमची कुणाची छाती झाली नाही.

मुलाखत माझ्या घरी, संगणकावर ठरली, कारण गल्लीत धड नेट तेवढंच. नेमका त्याच वेळी पाण्याचा टँकर आला! दुष्काळातला टँकर म्हणजे घागरींची आदळआपट आणि शिव्यांचा पाऊस. मी कपाळाला हात लावला. खिडकीतून बघतो तर तात्या टँकरवर चढून हात जोडून उभे.

"आयाबायांनो, वैशी आत परदेशाशी बोलायलीय. अर्धा घंटा भांडू नका, माझ्या वाटणीचं पाणी बी घ्या!"

आणि खरंच, बायकांनी मुकाट घागरी भरल्या.

वैशालीची निवड झाली! तात्या गुलाल उधळत गल्लीभर नाचले. चेअरमन स्वतः पेढा खायला आला. "तात्या, आलात की निवडून!"

"आलो बे!" तात्यांनी त्याला मिठीच मारली.

जायच्या दिवशी आम्ही तिला पुण्याच्या गाडीत बसवायला मांजरसुंब्याच्या फाट्यावर गेलो. आईबाप तेव्हा दूर उसाच्या फडावर. गाडी समोर येऊन थांबली आणि वैशालीचा धीर सुटला. "न्हाई जात मी. तात्या, तुमाला कोण हाय हितं?"

"माघारीची मुदत संपली, बाई!" तात्या गरजले. तिची बॅग त्यांनी स्वतः आत चढवली, आणि गाडी दिसेनाशी होईस्तोवर हात हलवत राहिले.

मग ते ढाब्याच्या बाकावर बसले. "चला तात्या, केजची जीप लागलीय," मी म्हटलं.

ते उठेनात. "जाऊ की, मास्तर. आता घरला जायची काय घाई हाय मला?"

मी जीप जाऊ दिली आणि त्यांच्याशेजारी बसलो.