रिकाम्या टर्मिनलांचा मोह

रविवारी दुपारी चार वाजता, सासरे अंगभर साबण लावून उभे असताना, नळाचं पाणी गेलं.

बाहेर दिवाणखान्यात त्यांचा जावई पेंगत बसला होता. साबणाच्या कारखान्यातला तो इंजिनिअर. नव्या पॅकिंग लाइनसाठी पीएलसी, म्हणजे सगळी यंत्रं ठरल्या क्रमानं चालू-बंद करणारा डब्याएवढा मेंदू, निवडायचं काम त्याच्याकडे होतं. विक्रेत्यांनी दोन नमुने दिले होते. एकाला बाहेरची खबर आत घेणारे आठ इनपुट, दुसऱ्याला चोवीस. चाचणीसाठी कारखान्यात चालती लाइन कोणी थांबवू देईना, म्हणून त्यानं मोठा नमुना घरी आणून पाण्याच्या पंपाला जोडला. तो चालताना बघायला आज मोठे साहेब येणार होते. पसंत पडला तर नवी लाइन त्याच्या हाती, नाहीतर बाहेरच्या कंत्राटदाराच्या.

टाकी रिकामी झाली की पंप चालू, भरली की बंद. एवढ्याला दोन इनपुट पुरले असते. पण वायर खुपसायचं टर्मिनल रिकामं दिसलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. त्यानं दाराची बेल जोडली, गच्चीवरचं ऊन जोडलं. मग कारखान्याचा नियम आठवला: यंत्राजवळ माणूस हलला की यंत्र थांबलं पाहिजे. पंप बाथरूमच्या कोपऱ्यात होता. तिथं त्यानं हालचाल टिपणारा सेन्सर बसवला, तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

दुपारभर बायको त्याच बाथरूममध्ये कपडे धूत होती. ती हलत होती म्हणून पंप गप्प होता, आणि कपडे निघत होते तशी टाकी रिकामी होत होती. ती बाहेर पडताच सासरे आत शिरले आणि उरलंसुरलं पाणी त्यांनी अंगावर घेतलं.

"जावईबापू," आतून आवाज आला, "तुमच्या यंत्राला झोप लागली का हो?"

इंजिनिअरनं पाहिलं. हिरवा दिवा शांतपणे तेवत होता. यंत्राची काही चूक नव्हती. ते सांगितल्याप्रमाणेच वागत होतं.

"ती वायर काढ ना," बायको म्हणाली.

"सेफ्टीची वायर काढायची नसते."

याच कारणावरून त्यानं मागच्या महिन्यात एका ऑपरेटरला सगळ्यांदेखत झापलं होतं, हे तिला माहीत होतं.  सासरे टॉवेल गुंडाळून बाहेर यायला तयार झाले, पण टॉवेल नुकताच धुतला होता आणि गॅलरीत ठिबकत होता. तेवढ्यात बेल वाजली. मोठे साहेब आले. बाथरूमचं दार थेट दिवाणखान्यात उघडत होतं, त्यामुळे तो विषय तिथंच संपला. साहेबांना आत कोण आहे आणि का आहे, ते हळू आवाजात सांगावं लागलं.

"बाबा, एकच उपाय आहे," इंजिनिअर दाराला तोंड लावून म्हणाला. "जरासुद्धा हलू नका."

"डोळ्यांत साबण गेलाय."

"चोळू नका."

मग सासरे आत पुतळ्यासारखे उभे राहिले. थोड्या वेळानं दाराआड पंप घुमू लागला, अगदी खालच्या सुरात. वर टाकीत पाणी पडत होतं, पण आवाज दुसऱ्याच कुठल्या घरातून आल्यासारखा. वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावल्या भिंतीवर सावकाश हेलकावत होत्या. बायको चौकटीला टेकली होती. साहेबांचे डोळे जड झाले. इंजिनिअरला समोर नवी लाइन दिसू लागली: साबणाच्या वड्या एकामागून एक कागदात शिरतायत, पट्ट्यावरून दूर दूर निघाल्यात, आणि आरडाओरडा करणारं कोणीही नाही.

"फारच शांत चालतो हो," साहेब कुजबुजले. "मग हाच घ्यायचा ना?"

त्यानं तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. पण मोठ्या नमुन्यात अजून एकोणीस जागा रिकाम्या होत्या, आणि आपण त्यांत काय काय जोडू हे त्याला आत्ताच दिसत होतं.

"साहेब," आतून, ओठ न हलवता, सासरे म्हणाले, "दुसऱ्याला भोकं किती?"

"आठ."

"मग तोच घ्या. ह्यांच्या हाती आठच बरी."

पंप थांबला नाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि इंजिनिअरकडे पाहिलं.

शेवटची खबर अशी: टाकीच्या तळाला पाणी लागलं आहे, पेन कागदावर टेकलेलं नाही, आणि बाथरूममध्ये कोणीतरी शिंक येण्याआधीचा तो लांबलचक श्वास आत ओढतं आहे.