वीतभर कमी पडलेला प्रकाश

प्रकाश सरळ रेषेत जातो, आणि म्हणूनच कचेरीत त्याचं कुणाशी फारसं जमत नाही.

लेझरचा शोध लागला तेव्हा या शिस्तीच्या प्रकाशाचं करायचं काय, हे पुष्कळांना उमगत नव्हतं. पुढे त्याने पोलाद कापलं, डोळ्यांवरचे चष्मे उतरवले, दुकानात बिस्किटांच्या पुड्यांवरच्या रेघा वाचल्या आणि घरोघरी मांजरांना भिंतीवर उड्या मारायला लावल्या (मांजरांचं मत घेण्यात आलेलं नाही). एवढी उमेदवारी झाल्यावर तो मोजणी कचेरीत रुजू झाला.

तिथल्या मोजणीदाराने बावीस वर्षं गावातली घरं एकाच टेपने मोजली होती. नवं यंत्र त्याने साहेबांच्या खोलीत भिंतीला टेकवून बटण दाबलं. समोर लाल ठिपका पडला आणि खोली नोंदीपेक्षा वीतभर कमी भरली. मग त्याने व्हरांडा मोजला. तोही वीतभर कमी. शेवटी त्याने टेप पुरती उलगडून पाहिली. सुरुवातीचा वीतभर तुकडा कधीचाच तुटला होता आणि कुणीतरी पुढच्या आकड्यावर नवी कडी व्यवस्थित बसवली होती.

“साहेब, चूक माझी आहे,” तो म्हणाला. “गावातलं एकही माप बरोबर नाही.”

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “बरोबर-चूक असं एकदम ठरवायचं नसतं. समिती नेमू.”

समितीने नोंदवलं, की टेपचा अनुभव बावीस वर्षांचा आहे, यंत्राचा चार दिवसांचा. नोंदींवर शिक्के आहेत, प्रकाशावर एकही नाही. सबब, या गावात प्रकाशच वीतभर कमी पडतो. यंत्रावर चिठ्ठी डकवली गेली: ‘आलेल्या मापात एक वीत मिळवावी.’ वीत कुणाची, यावर दोन बैठका झाल्या (साहेबांची ठरली, हात लहान आहे, पण हुद्दा मोठा आहे).

मोजणीदाराला मात्र चैन पडेना. घरचं कपाट भिंतीत बसलं नाही, तेव्हा त्याने सुताराला चारचौघांत लबाड म्हटलं होतं. संध्याकाळी तो सुताराच्या दुकानात गेला.

“दादा, तुम्ही लबाड नव्हतात. टेप तुटकी होती.”

सुताराचा रंधा थांबला नाही. “ठाऊक आहे. तुमच्या कचेरीचं माप आलं की मी वीतभर आखूडच कापतो. शिव्या थांबल्या.”

“मग मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मोजायचं मला शिकवतोस?”

मोजणीदार उगाच एक पाट करायला सांगून घरी गेला.

मापं आजही तीच आहेत. घराच्या कागदावर ‘माप पाहिले, मान्य आहे’ अशी सही तुमचीही आहे. आणि पलंग तिरका का लावलाय असं पाहुण्यांनी विचारलं, की तुम्ही अजून ‘वारा चांगला येतो’ असंच सांगता.